'देश' या शब्दाची व्याप्ती : मुलांच्या जागतिक बेसबॉल स्पर्धांतील यशापयशाचा एक विचार

१

खेळांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे निकाल आपल्यापुढे येतात ते बहुधा कोष्टकाच्या रूपाने. डाव्या रकान्यात देशांची नावे आणि उजव्या रकान्यात विजयांची संख्या, इतका साधा हा मांडणीचा प्रकार असतो; आणि त्याच्या या साधेपणामुळेच वाचक निकालापाशी न थांबता तडक कारणांकडे वळतो. अमुक राष्ट्र शिस्तप्रिय, तमुक राष्ट्र चिकाटीचे, तिसऱ्याच्या तर रक्तातच खेळ, अशी अनुमाने मग निघू लागतात. वर्गात भाषा आणि समाज यांच्या संबंधाचा विषय निघाला म्हणजे 'राष्ट्रस्वभाव' या कल्पनेच्या समर्थनार्थ विद्यार्थी अशा कोष्टकांचा आधार घेताना पुष्कळदा आढळतात. भाषेच्या अभ्यासकाने मात्र या अनुमानांच्या आधी एक प्रश्न विचारला पाहिजे. डाव्या रकान्यातील नाव नक्की कशाचे वाचक आहे? एकाच रकान्यात लिहिलेली सर्व नावे एकाच प्रकारच्या वस्तूंची आहेत काय?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुलांच्या जागतिक बेसबॉल स्पर्धांच्या आधारे करावयाचा आहे. हा खेळ आपल्याकडे फारसा रुजलेला नाही, ही गोष्ट येथे उलट सोयीचीच आहे. क्रिकेटविषयी बोलताना आपला अभिमान मध्ये येतो. बेसबॉलकडे आपण तटस्थपणे पाहू शकतो.

२

प्रथम कोष्टक पाहू. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'लिटल लीग' या नावाची संस्था अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, विल्यम्सपोर्ट या गावी, १९३९ साली कार्ल स्टॉट्झ या गृहस्थाने अवघ्या तीन संघांनिशी सुरू केली. मुलांच्या बेताने मैदान लहान केले. नऊ डावांऐवजी सहा डावांचा सामना ठरविला. १९४७ साली या संस्थेची पहिली मोठी स्पर्धा झाली आणि पुढे तिला जागतिक स्पर्धेचे रूप आले. २०२० साली साथीमुळे स्पर्धा झाली नाही. तो अपवाद वगळता ती दर वर्षी भरत आलेली आहे. २०२५ अखेरच्या ७८ स्पर्धांपैकी ४० अमेरिकन संघांनी जिंकल्या. उरलेल्या ३८ विजयांची वाटणी अशी : तैवान १८, जपान ११, दक्षिण कोरिया ३, मेक्सिको ३, व्हेनेझुएला २ आणि कुरासाव १.

हे आकडे पाहताच दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. सुमारे सव्वादोन कोटी वस्तीच्या तैवानने बारा कोटींहून अधिक वस्तीच्या जपानला मागे टाकले आहे. आणि कॅरिबियन समुद्रातील जेमतेम दीड लाख वस्तीच्या कुरासाव बेटाचे नाव या यादीत आहे. कुरासावने २००४ साली विजेतेपद मिळविले, आणि त्यानंतर २००५, २०१९, २०२२ व २०२३ या चार वर्षी त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. याउलट ज्या डोमिनिकन प्रजासत्ताकाने अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलला परदेशी खेळाडूंपैकी सर्वांत मोठा गट पुरविला, त्याचे नाव विजेत्यांच्या या यादीत मुळीच नाही. लोकसंख्या, संपत्ती किंवा अंगभूत गुण यांपैकी कोणत्याही एका कारणाने या तिन्ही गोष्टींचा उलगडा होत नाही. तेव्हा कारणांकडे वळण्यापूर्वी कोष्टकाची भाषा तपासून पाहणे इष्ट ठरते.

३

'अमेरिका' या नावापासून आरंभ करू. १९७६ सालापासून या स्पर्धेत दोन गट केलेले आहेत : एक अमेरिकन संघांचा आणि दुसरा बाहेरच्या देशांच्या संघांचा. प्रत्येक गटाचा विजेता अंतिम सामना खेळतो. याचा अर्थ असा की, अंतिम सामन्यातील एक जागा अमेरिकेसाठी राखूनच ठेवलेली असते. जगातील इतर सर्व देश मिळून दुसऱ्या जागेसाठी झगडतात. शिवाय १९७५ साली परदेशी संघांना स्पर्धेत प्रवेशच नव्हता, आणि २०२१ साली साथीच्या निर्बंधांमुळे परदेशी संघ आले नव्हते. सुरुवातीच्या वर्षांत तर ही स्पर्धा जवळजवळ संपूर्णपणे अमेरिकनांचीच होती. तेव्हा ४० आणि १८ हे दोन आकडे एका मापाने मोजलेले नाहीत, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट अशी की, या स्पर्धेत राष्ट्रीय संघ खेळतच नाहीत. नियमाप्रमाणे संघ एका ठराविक हद्दीतील एका स्थानिक लीगचा असावा लागतो. जपानच्या अकरा विजयांपैकी चार विजय, म्हणजे २००१, २०१२, २०१५ आणि २०१७ या वर्षांचे, तोक्यो शहराच्या एका भागातील कितासुना या एकाच लीगचे आहेत. मेक्सिकोच्या तीन विजयांपैकी १९५७ आणि १९५८ सालचे विजय मोन्तेरे या एकाच औद्योगिक शहराचे होत. २३ ऑगस्ट १९५७ रोजी अंतिम सामन्यात आन्हेल मासियास या मुलाने प्रतिपक्षाच्या एकाही खेळाडूला पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचू दिले नाही, आणि मोन्तेरेने तो सामना ४–० असा जिंकला. अमेरिकेबाहेरच्या संघाचा तो पहिला विजय होता. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत त्या दिवशी मेक्सिको देश जिंकला. मैदानावर जिंकली होती ती एका शहरातील कामगारवस्तीची मुले. भागाच्या नावाने संपूर्णाचा आणि संपूर्णाच्या नावाने भागाचा निर्देश करणे हा भाषेचा नेहमीचाच व्यवहार आहे, आणि काव्यात त्याला आपण अलंकार म्हणतो. कोष्टकात मात्र तोच अलंकार पुरावा म्हणून वावरू लागतो, आणि घोटाळा होतो तो येथे.

तिसरा प्रकार याहूनही चमत्कारिक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक वर्षे युरोपातून, विशेषतः जर्मनीतून, जे संघ विल्यम्सपोर्टला येत त्यांतील मुले अमेरिकन लष्करी तळांवरील कुटुंबांची असत. सौदी अरेबियाच्या नावाने अनेकदा खेळलेला धहरान येथील संघ हा तेलउद्योगाच्या निमित्ताने तेथे राहणाऱ्या, मुख्यतः अमेरिकन, कुटुंबांतील मुलांचा होता. या नावांवरून जर्मन किंवा अरब समाजातील बेसबॉलविषयी काहीही अनुमान काढता येत नाही. येथे 'देश' हा शब्द केवळ टपालाच्या पत्त्यासारखा आहे.

चौथा प्रकार राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित असेल. प्वेर्तो रिको हा अमेरिकेच्या अखत्यारीतील प्रदेश असून स्पर्धेत वेगळा मोजला जातो. कुरासावने २००४ साली विजय मिळविला तेव्हा ते नेदरलँड्स अँटिलीसचा एक भाग होते. २०१० साली ते नेदरलँड्सच्या राज्यातील स्वतंत्र घटक झाले. तैवानच्या नावाचा इतिहास तर भाषेच्या अभ्यासकाने स्वतंत्रपणे अभ्यासावा असा आहे. ऑलिंपिक समितीशी १९८१ साली झालेल्या करारानुसार तैवानचे खेळाडू आंतरराष्ट्रीय क्रीडाक्षेत्रात 'चायनीज तैपेई' या इंग्रजी नावाने उतरतात. या नावातील पहिल्या शब्दाचा चिनी भाषेत अनुवाद दोन प्रकारे होऊ शकतो. तैवान 'चुंगह्वा' हा शब्द योजते; त्यात चिनी संस्कृतीचा बोध होतो, राज्याचा होत नाही. चीनमध्ये 'चुंगक्वो' हा शब्द प्रचारात राहिला. त्यात राज्याचा बोध होतो, आणि 'चीनच्या मालकीचे तैपेई' असा अर्थ निघू शकतो. क्रीडास्पर्धांपुरता 'चुंगह्वा' हा शब्द वापरावा असा समझोता दोन्ही बाजूंत १९८९ साली झाला. इंग्रजी नाव मुद्दाम संदिग्ध ठेवले गेले म्हणूनच ते दोघांनाही स्वीकारता आले. संदिग्धता हा भाषेचा दोष मानण्याची आपली सवय आहे; येथे तिनेच काम साधले. परंतु बारा वर्षांच्या मुलाच्या सदऱ्यावर कोणते अक्षर लिहावे हा प्रश्न दोन सरकारांनी सोडवावयाचा असतो, एवढे तरी यावरून दिसून येते.

४

डाव्या रकान्यातील नावे अशी परस्परांहून भिन्न जातीची आहेत. मग यशाचे स्पष्टीकरण शोधावयाचे कोठे? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याची एक खूण खेळाच्या परिभाषेत सापडते. एखादा खेळ समाजात नुसता आलेला आहे की मुरलेला आहे, हे त्या खेळाच्या शब्दांवरून बरेचसे ओळखता येते.

आपल्याच भाषेतील उदाहरण घेऊ. क्रिकेटमधील 'त्रिफळाचीत', 'पायचीत', 'धावचीत' हे शब्द पाहावेत. त्यांतील 'चीत' हे पद कुस्तीच्या आखाड्यातून आले आहे. परकीय खेळातील बाद होण्याची कल्पना मराठीने आपल्या जुन्या खेळातील पराभवाच्या कल्पनेवर बसविली. केवळ भाषांतराने हे साधत नाही. त्यासाठी खेळ लोकांच्या रोजच्या बोलण्यात यावा लागतो.

जपानमध्ये बेसबॉलच्या बाबतीत हेच घडले. हॉरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने १८७२ साली तोक्यो येथे विद्यार्थ्यांना हा खेळ शिकविला. खेळाला जपानी नाव मिळाले ते १८९४ साली. चुमान कानाए याने 'याक्यू' हा शब्द घडविला. 'या' म्हणजे मैदान आणि 'क्यू' म्हणजे चेंडू. हायकूच्या पुनरुज्जीवनासाठी प्रसिद्ध असलेला कवी मासाओका शिकी याने फलंदाज, धावणारा गडी इत्यादींसाठी जे प्रतिशब्द योजले, त्यांतील 'दाशा', 'सोशा' यांसारखे शब्द आजही रूढ आहेत. या कार्याची आठवण म्हणून २००२ साली जपानच्या बेसबॉल सन्मानगृहात त्याच्या नावाचा समावेश करण्यात आला. शाळा-महाविद्यालयांतून आलेला हा खेळ, त्यामुळे त्याची परिभाषाही प्रथम शिकलेल्या लोकांनी, लेखणीने घडविली. परंतु गोष्ट तेथेच संपली नाही. पुढे सामान्य लोकांच्या बोलण्यात इंग्रजी शब्दही आले, आणि जपान्यांनी त्यांतून मुळात इंग्रजीत नसलेले शब्द तयार केले. चार चुकीच्या चेंडूंनंतर फलंदाजाला मिळणाऱ्या मोकळ्या वाटेला ते 'फोआबोरु' म्हणतात, आणि अंगावर चेंडू लागल्यास 'देद्दोबोरु'. 'फोर' आणि 'बॉल', 'डेड' आणि 'बॉल' हे शब्द इंग्रजीच. पण या अर्थी हे समास अमेरिकेत कोणी वापरीत नाही. उसन्या भांडवलावर स्वतःचा व्यापार सुरू झाल्याचे हे लक्षण होय.

कॅरिबियन प्रदेशात याच्या उलट वाट दिसते. क्यूबात हा खेळ १८६० च्या दशकात अमेरिकेत शिकून परतलेल्या तरुणांनी आणला, आणि क्यूबातून बाहेर पडलेल्या लोकांनी तो डोमिनिकन प्रजासत्ताकात नेला. तेथे साखर कारखान्यांच्या वस्त्यांत तो वाढला. येथील शब्द लेखणीने घडलेले नाहीत. ते कानांनी घेतले आणि जिभेने वळविले. 'होम रन'चे 'होनरोन' झाले, 'हिट'चे 'हित', 'पिचर'चे 'पीचेर'. आणि खुद्द खेळाला लोकांनी नाव दिले ते 'पेलोता', म्हणजे नुसते 'चेंडू'. ज्या समाजात 'चेंडू' म्हटले की एकच खेळ समजावा, तेथे तो खेळ परका राहिलेला नसतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. शब्दाचा मार्ग आणि वस्तूचा मार्ग एकच असतो असे नाही. कोरियात बेसबॉल आणला तो विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन धर्मप्रचारकाने. परंतु तेथील 'यागू' हा शब्द म्हणजे जपानी 'याक्यू'च्याच दोन अक्षरांचा कोरियन उच्चार आहे. १९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानची सत्ता होती, तिची ही खूण. तेव्हा परिभाषेवरून खेळ कोणी आणला हे नेहमीच सिद्ध होत नाही. तो कोणत्या संस्थांच्या आश्रयाने वाढला हे मात्र बहुधा कळते.

५

या दृष्टीने तैवानचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे, कारण तेथे परिभाषेचे थर एकावर एक साचलेले दिसतात. १८९५ ते १९४५ ही पन्नास वर्षे हे बेट जपानच्या ताब्यात होते. बेटावरील होक्किएन बोलीत बेसबॉलला 'याक्यू' हाच जपानीवरून आलेला शब्द रूढ झाला. १९४५ नंतर चिनी राष्ट्रवादी सरकारबरोबर मँडरिन ही राज्यभाषा आली आणि तिच्याबरोबर 'बांगच्यू', म्हणजे 'दांडूचा चेंडू', हा दुसरा शब्द आला. जपानी 'होमुरान'चे चिनी अक्षरांत 'हुंगबुरांग' झाले. त्या अक्षरांचा अर्थ लावू गेल्यास 'लाल' आणि 'माघार न घेणे' असा काहीसा होतो, पण त्या अर्थाचा फटक्याशी संबंध नाही. अक्षरे घेतली आहेत ती ध्वनीसाठी.

या थरांमागे संस्थांचा इतिहास आहे. जपानी शाळांतून हा खेळ बेटावर पसरला. १९३१ साली चिआयी येथील कृषिशाळेचा संघ जपानच्या कोशिएन मैदानावरील शालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्या संघात जपानी, चिनी वंशाचे आणि बेटावरील मूळ जमातींचे असे तिन्ही प्रकारचे विद्यार्थी होते. सत्ता बदलली तरी शाळा राहिली आणि शाळेचा खेळही राहिला. १९६८ साली ताइतुंग जिल्ह्यातील होंगये या डोंगराळ खेड्यातील बुनुन जमातीच्या मुलांनी जपानहून आलेल्या बालसंघाला हरविले, तेव्हा सबंध बेटावर उत्साहाची लाट उसळली. पुढच्याच वर्षी, १९६९ साली, 'तैचुंग'च्या नावाने गेलेल्या संघाने विल्यम्सपोर्टचे विजेतेपद मिळविले.

त्यानंतरची मालिका क्रीडेच्या इतिहासात अपूर्व म्हणावी लागेल. १९७१ ते १९७४ अशी चार वर्षे सलग, आणि पुढे १९७७ ते १९८१ अशी पाच वर्षे सलग तैवानच्या संघांनी विजय मिळविले. १९७३ साली ताइनानच्या संघाने तीन सामन्यांत मिळून ५७ धावा केल्या आणि एकही दिली नाही. १९६९ ते १९९६ या अवधीत एकूण १७ विजेतेपदे तैवानकडे गेली.

या यशाचे कारण राष्ट्रस्वभावात शोधण्यापूर्वी त्या वर्षांचे दिनमान पाहावे. ऑक्टोबर १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघातील चीनची जागा तैवानच्या सरकारकडून काढून पेकिंगच्या सरकारला देण्यात आली. १९७२ साली जपानने आणि १९७९ च्या आरंभी अमेरिकेने तैवानशी असलेले राजनैतिक संबंध तोडले. एकेक दरवाजा बंद होत असताना जगाच्या नकाशावर आपले नाव दिसावे असे एक ठिकाण उरले होते, आणि ते म्हणजे पेनसिल्व्हेनियातील मुलांचे मैदान. मध्यरात्री उठून लोक दूरचित्रवाणीवर सामने पाहत. १९७१ च्या अंतिम सामन्याच्या वेळी तैवानच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारा फलक बांधलेले विमान मैदानावरून फिरविण्यात आले. सरकारच्या दृष्टीने ती मुले चीन प्रजासत्ताकाची होती, विरोधकांच्या दृष्टीने ती तैवानची होती. एकाच संघाला दोन देशांची नावे देऊन दोन्ही पक्ष टाळ्या वाजवीत होते.

आणि हा संघ नियमाप्रमाणे एका गावाचा असावयास हवा होता! १९६९ च्या 'तैचुंग' संघातील बहुतेक मुले तैचुंगची नव्हती. ती बेटाच्या निरनिराळ्या भागांतून निवडून आणलेली होती. होंगयेच्या संघातील काही मुले दुसऱ्यांच्या नावाने खेळली होती व वयाने मोठी होती, हेही पुढे उघडकीस आले. म्हणजे ज्या रकान्यात इतरांनी एका वस्तीचा संघ मांडला होता, त्याच रकान्यात तैवानने प्रारंभी प्रत्यक्षात आपला देश मांडला. १८ या आकड्यात शाळांची दीर्घ परंपरा आहे, मुलांचे कसब आणि कष्ट आहेत, सरकारचे पाठबळ आहे, आणि नियमांच्या अर्थासंबंधीचा मतभेदही आहे. शाळेतून संघ निवडण्याची तेथील पद्धत आणि लिटल लीगचे हद्दीचे नियम यांचा मेळ बसेना, तेव्हा १९९७ साली तैवानने या संस्थेतून अंग काढून घेतले. काही वर्षांनी त्याचे संघ परतले. २०२४ साली अंतिम सामन्यात त्यांचा २–१ असा निसटता पराभव झाला आणि २०२५ साली तैपेईच्या तुंगयुआन संघाने ७–० असा विजय मिळविला. मधल्या २९ वर्षांचा खंड राष्ट्रस्वभावाने कसा समजावून सांगावयाचा? स्वभाव एकोणतीस वर्षे रजेवर जात नसतो.

६

वयाची आणि हद्दीची लबाडी ही पूर्वेकडील देशांचीच गोष्ट होती असा समज कोणी करून घेऊ नये. १९९२ साली फिलिपाइन्समधील झांबोआंगाच्या संघाने अंतिम सामना १५–४ असा जिंकला होता. परंतु कित्येक मुले त्या शहराची नव्हती हे तेथील पत्रकारांनीच उजेडात आणले, आणि विजेतेपद कॅलिफोर्नियातील लाँग बीचला देण्यात आले. २००१ साली न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या संघाचा प्रमुख पिचर बारा वर्षांचा नसून चौदा वर्षांचा असल्याचे सिद्ध झाले आणि त्या संघाचे सर्व विजय रद्द ठरले. २०१४ साली अमेरिकन गट जिंकलेल्या शिकागोच्या संघाचे विजेतेपद हद्दीच्या नियमभंगामुळे पुढच्या वर्षी काढून घेण्यात आले. या तिन्ही प्रसंगी कागदपत्रे मोठ्या माणसांनी तयार केली होती, आणि मान खाली घालण्याची पाळी मुलांवर आली. युगांडाच्या संघाचे उदाहरण निराळे आहे. २०११ साली त्याने स्पर्धेत जागा मिळविली, परंतु जन्माच्या कागदपत्रांतील विसंगतींमुळे प्रवेशपत्रे न मिळाल्याने तो येऊ शकला नाही. २०१२ साली लुगाझीचा संघ आला, आणि आफ्रिकेतून या स्पर्धेत खेळलेला तो पहिला संघ ठरला. जन्मनोंदणीची व्यवस्था जेथे कच्ची आहे तेथील मुलाला आपले वय सिद्ध करणे हाच पहिला सामना असतो. 'सहभागी देश' या शीर्षकाखाली हा सामना नोंदविला जात नाही.

शरीराचाही प्रश्न आहे. वाढत्या वयाच्या मुलाच्या कोपराला आणि खांद्याला सतत वेगाने चेंडू फेकण्याचा ताण सोसत नाही. म्हणून लिटल लीगने २००७ पासून फेकींच्या संख्येवर मर्यादा घातली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ८५ हून अधिक फेकी करता येत नाहीत. ज्या काळात देशाची प्रतिष्ठा एकेका मुलाच्या हातावर तोललेली होती, त्या काळात असा नियम नव्हता.

७

वयाची मर्यादा बदलली की कोष्टक कसे बदलते, हे पाहिल्यास आपला मुद्दा अधिक स्पष्ट होईल. अठरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा १९८१ पासून भरते, आणि तीत खरोखरीच राष्ट्रीय संघ खेळतात. तेथे १९८४ ते २००४ या वीस वर्षांत क्यूबाने ११ विजेतेपदे मिळविली. क्रांतीनंतर क्यूबात व्यावसायिक खेळ बंद झाला आणि मुलांना लहानपणीच हेरून क्रीडाशाळांत ठेवण्याची सरकारी व्यवस्था उभी राहिली, तिचे हे फळ. २००४ नंतर मात्र क्यूबाला तेथे एकही विजेतेपद लाभलेले नाही. तरुण खेळाडू मोठ्या संख्येने देश सोडून जाऊ लागले. विल्यम्सपोर्टच्या स्पर्धेत तर क्यूबाचा संघ प्रथम आला तो २०२३ साली. लहानांच्या स्पर्धेत अकरा विजय मिळविलेल्या जपानला अठरा वर्षांखालील स्पर्धेत पहिले विजेतेपद मिळाले तेही २०२३ साली. जपानी किशोराच्या दृष्टीने ऑगस्ट महिन्यात एकच स्पर्धा महत्त्वाची असते, आणि ती म्हणजे कोशिएनची.

डोमिनिकन प्रजासत्ताकाचे कोडेही येथे सुटते. अमेरिकन व्यावसायिक संघांना तेथील मुलाशी सोळाव्या वर्षी करार करता येतो, आणि सर्व तीस संघांच्या प्रशिक्षणशाळा त्या देशात आहेत. जेथे हुशार मुलापुढे सोळाव्या वर्षी नोकरीचा मार्ग उघडतो, तेथे मुलांच्या स्पर्धेतील चषकाला कोण विचारतो? त्या देशाचे यश आहे, पण ते दुसऱ्याच कोष्टकात, दुसऱ्याच देशाच्या संघांच्या नावावर मांडले जाते. कुरासावच्या बाबतीत दोन्ही वाटा जवळजवळ आहेत. २००४ च्या विजयी बालसंघातील ज्युरिक्सन प्रोफार पुढे अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत पोहोचला. लहान बेटावर गल्लीतील मैदान आणि व्यवसायाचे दार यांत अंतर थोडे असते.

८

आतापर्यंतच्या विवेचनावरून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा मांडता येईल. मुलांच्या जागतिक बेसबॉलमध्ये यश मिळते ते राष्ट्राच्या नावाला नव्हे, तर बालपणाशी जोडलेल्या एखाद्या संस्थेला : जपानात शाळा आणि वस्तीतील लीग, तैवानात शाळा आणि तिच्यामागचे सरकार, क्यूबात क्रीडाशाळा, मोन्तेरेत कामगारवस्ती. अशी संस्था बराच काळ टिकली म्हणजे तिची स्वतःची भाषा तयार होते, आणि खेळाचे शब्द परके वाटेनासे होतात. शब्द हे यशाचे कारण नव्हे; पण ज्या मुरण्यामुळे यश शक्य होते त्या मुरण्याची ती विश्वसनीय खूण आहे. उलट, जेथे नाव आहे पण त्यामागे असा समाज नाही, जसे धहरानच्या संघाच्या बाबतीत होते, तेथे कोष्टकात देश दिसतो आणि देशात खेळ दिसत नाही.

तैवानच्या मध्यवर्ती बँकेने २००० साली काढलेल्या पाचशे डॉलरच्या नोटेवर आनंदाने टोप्या उडविणाऱ्या शाळकरी मुलांचे चित्र आहे. ती मुले ताइतुंगच्या नानवांग या प्राथमिक शाळेतील बेसबॉल संघाची आहेत. बेटाच्या लोकसंख्येत मूळ जमातींचे प्रमाण दोन-तीन टक्क्यांहून अधिक नाही. पण त्या जमातींच्या मुलांना बेटाने आपल्या चलनावर स्थान दिले. देशाने मुलांच्या खांद्यावर काय ठेवले होते याची ही एक प्रकारे पोचपावतीच म्हणावयाची.

तात्पर्य, अशा कोष्टकांचा आधार घेणाऱ्या अभ्यासकाने आकड्यांना हात घालण्यापूर्वी प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न लिहून ठेवावेत. हे नाव कोणत्या वस्तीचे? ती मुले तेथे कोणत्या व्यवस्थेने आली? आणि त्यांना 'देश' म्हणण्यात कोणाची सोय आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरही राष्ट्रस्वभावाची गरज उरली, तर तिचा विचार अवश्य करावा. बहुतेक वेळा ती उरत नाही, असा अनुभव येईल.